पडद्यामागचा धबधबा

फोटोकाकांच्या दुकानात एक धबधबा होता. छतापासून जमिनीपर्यंत कोसळणारा आणि तरीही पाण्याचा एक टिपूस नसलेला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं तो जाड कापडावर काढून दिला होता. या पेंटरनं जन्मात कधी धबधबा पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यानं कसलीही कसर ठेवली नव्हती. खाली दोन हंस, डावीकडे मान वळवून बघणारं हरीण, वर चंद्र, आणि चंद्राला एकटं वाटू नये म्हणून शेजारीच उगवता सूर्य. त्या भागातल्या निम्म्या लोकांची लग्नं, पहिल्या नोकऱ्या आणि पहिली पोरं याच धबधब्यासमोर फोटोत अडकली होती. वर्षानुवर्षं डोकी टेकून पाण्याच्या मधोमध एक तेलकट डाग पडला होता. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला नेमकं त्या डागासमोर बसवत, म्हणजे डाग झाकला जाई आणि गिऱ्हाइकाला वाटे, काका किती मन लावून जागा ठरवतात.

काकांची फोटो काढायची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी खाली करायची, खांदे सरळ करायचे, चार पावलं मागे जायचं आणि मग हुकूम सोडायचा, "श्वास रोखा! हलू नका! एक... दोन... आणि... तीन!" हा 'तीन' ते असा काही ठणकावत, की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उगीचच ब्रेक दाबे. हल्लीच्या कॅमेऱ्याला यातल्या कशाचीच गरज नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कॅमेरा बदलला म्हणून माणसानं आपली शिस्त बदलावी, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

या पद्धतीनं काढलेला फोटो कधी बिघडत नसे. एक माणूस सोडून. आणि तो एक माणूस म्हणजे काकांच्या सासूबाई.

काकांनी सासूबाईंचे आजवर जेवढे फोटो काढले, त्या सगळ्यांत सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. काकांच्या स्वतःच्या लग्नात त्यांनीच काढलेल्या फोटोत त्या झोपलेल्या दिसत, नातवाच्या बारशाच्या फोटोत त्या प्रार्थना करत असाव्यात असं वाटे, आणि मागच्या वर्षी काढलेल्या फोटोत, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्या 'आटोपलेल्या' होत्या. "हा हार घालून लावायला बरा आहे," असं म्हणून त्यांनी तो जावयाला परत केला होता.

सासूबाई पाच वर्षांपूर्वी काकांकडे राहायला आल्या, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत त्यांचा मुक्काम होता आणि मधला दरवाजा त्या कधी लावून घेत नसत. गिऱ्हाईक आलं की आतून आवाज येई, "जावईबापू, त्या बाईचा केस कपाळावर आलाय." काकांना याचा जाच होई. आणि आता सोमवारी त्या थोरल्या मुलीकडे कायमच्या राहायला जायच्या होत्या, तर काकांना आतापासूनच चुकल्यासारखं होत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि काकांना त्यातली एकही कुणाला सांगता येत नव्हती.

त्यात थोरल्या साडूंचा फोन आला. "आईंना पाठवा तर खरं. आल्या आल्या माझ्या नव्या मोबाईलवर असा झकास फोटो काढतो, की तुम्ही फ्रेम करून दुकानात लावाल."

काकांनी फोन ठेवला, पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही. साडूंचा धंदा नळाच्या तोट्या विकण्याचा. उद्या त्या माणसानं मोबाईल उचलला, सासूबाईंनी टक्क उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तर काकांनी आयुष्यभर केलं ते काय, याचं उत्तर देणं अवघड होतं. सोमवारच्या आत सासूबाईंचा एक धड फोटो निघायलाच हवा होता.

शुक्रवारी त्यांनी सासूबाईंना सन्मानानं स्टुलावर बसवलं. हनुवटी, खांदे, श्वास, एक, दोन, तीन. डोळे बंद.

सासूबाईंनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि त्या पडद्याकडे वळल्या. "दोष तुमचा नाही हो, जावईबापू. या असल्या धबधब्याकडे पाठ करून बसलं, की माणसाला डोळे मिटावेसेच वाटतात. सूर्य नि चंद्र एकदम! बसच्या शेवटच्या थांब्यावर एवढं मोठं जंगल आहे, त्यात खरा धबधबा आहे. जाण्यापूर्वी मला तिथे न्या, आणि तिथे काढा काय तो फोटो."

शहराच्या पोटात एवढं घनदाट जंगल आहे आणि ते बघायला लांबून लांबून माणसं येतात, हे काका ऐकून होते. ते स्वतः मात्र कधी गेले नव्हते. दुकानात धबधबा असताना बाहेरच्या धबधब्याकडे जाणं त्यांना व्यवसायाशी बेइमानी वाटे. पण प्रश्न साडूंचा होता. "रविवारी जाऊ," काका म्हणाले.

ही बातमी शेजारच्या टेलरांना कळायला भिंतीशिवाय दुसरा अडथळा नव्हता. टेलर गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून आले.

"फोटोकाका, जंगलाचा भरवसा धरू नका. माझा मेव्हणा गेला होता. धबधबा त्या दिवशी बंद."

"धबधबा बंद कसा असेल?"

"ते मी काय सांगू? पण मेव्हणा खोटं बोलत नाही. तुम्ही आपला पडदा बरोबर न्या. लागला तर लागला, नाही तर ओझं ते काय!"

ओझं काय, हे ज्याला उचलायचं नसतं त्याला नेहमीच कमी वाटतं. पण काकांना पटलं. पडदा त्याच्या बांबूला गुंडाळला गेला, आणि टेलरांनी उरलेल्या कापडातून त्याला अंगाबरोबर खोळ शिवून दिली. उरलेलं कापड एका छोट्या मुलीच्या फ्रॉकचं होतं, त्यामुळे खोळीवर सगळीकडे बदकं होती.

मग समोरचे औषधवाले आले. "जळवांचं काय करणार आहात?"

काकांनी जळवांचा विचारच केला नव्हता.

"मोज्यांना आतून-बाहेरून कोरडा साबण चोळा. भरपूर चोळा. जळू पायाच्या आसपास फिरकणार नाही." औषधवाले स्वतः जंगलात कधी गेलेले नव्हते, पण सल्ला द्यायला जाऊन यावंच लागतं असा काही नियम नाही. काकांनी शनिवारी रात्री मोज्यांना नव्या साबणाची अख्खी वडी जिरवली. काकू, म्हणजे त्यांची बायको, हे बघत होत्या. "अहो, धुवायचेच असतील तर पाणीही घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी तिघं निघाली. सासूबाई शाल, छत्री आणि नवे बूट अशा तयारीत, काकूंकडे सँडविचचा डबा आणि बिस्किटं, आणि काकांकडे बाकी सगळं. गळ्यात कॅमेरा, एका हातात दुकानातलं स्टूल, खांद्यावर बदकं. बसमध्ये तो बांबू कुठेच मावेना. आडवा धरला तर दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना माना खाली घालून बसावं लागे. उभा धरला तर छताला लागे. शेवटी तिरका धरला, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत प्रत्येक उतरणाऱ्या माणसानं काकांच्या नावानं काहीतरी पुटपुटून त्याखालून वाकून जायचं, असा शिरस्ता पडला.

जंगलाच्या फाटकाशी एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाई होत्या. बाईंनी कॅमेऱ्याकडे, मग स्टुलाकडे, मग बदकांकडे पाहिलं.

"हौशी की व्यावसायिक?"

"म्हणजे?"

"फोटोग्राफर. हौशी असाल तर सरळ आत जा. व्यावसायिक असाल तर मुख्य कार्यालयात अर्ज करायचा, आठवड्यानं परवानगी मिळते."

काकांच्या दुकानावर हातभर अक्षरांत 'व्यावसायिक छायाचित्रकार' असं लिहिलेलं होतं. गल्लीतली पोरं मोबाईलवर मांजरांचे फोटो काढतात, ती हौशी. नळाच्या तोट्या विकणारे साडू हौशी. आणि ज्यानं उभी हयात फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीत घालवली, त्यानं सासूसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, की मी हौशी?

"मी व्यावसायिक आहे," काका छाती काढून म्हणाले.

"मग पुढच्या आठवड्यात या."

"अहो!" काकूंनी कोपरानं ढोसलं. "आई परवा... उद्या चाललीय!"

"पण खोटं कसं बोलू?"

तेवढ्यात सासूबाई छत्री टेकत पुढे आल्या आणि खिडकीत वाकून म्हणाल्या, "बाई, हौशीच लिहा. त्यांचं लग्न झाल्यापासून मी हेच म्हणतेय."

बाईंनी हसून शिक्का मारला. काका आत शिरले खरे, पण अर्धा माणूस बाहेरच राहिला होता.

आत मात्र नवलच होतं. फाटकापलीकडे बसचे भोंगे वाजत होते आणि इकडे पन्नास पावलांवर हिरवा अंधार. झाडं एवढी उंच, की शेंडा बघायला मान मागे टाकली तर टोपी पडावी. एका झाडाची मुळं जमिनीतून भिंतींसारखी वर आली होती, दोन मुळांच्या मधे टेबल-खुर्ची टाकून एखाद्यानं ऑफिस थाटलं असतं. फांद्यांच्या बेचक्यांत ऑर्किडची फुलं होती, आणि पानापानांवरून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता, पण सगळं जंगलच नुकतं न्हाऊन आल्यासारखं ओलं होतं. काकू प्रत्येक पाटी वाचत होत्या. सासूबाईंच्या शालीवर एक निळं फुलपाखरू बसलं, ते उडू नये म्हणून त्या बराच वेळ मान न हलवता चालल्या. काका मात्र एकच गोष्ट शोधत होते.

"उजेड कुठाय? इथे उजेडच नाही!"

"अहो, जंगल आहे. बटण कुठे शोधताय?" काकू म्हणाल्या.

थोड्या वेळानं काकांना आपल्या पावलांचा आवाज येऊ लागला. चालताना पच्-पच् होत होतं. ओल्या पायवाटेचं पाणी बुटात शिरलं होतं, आणि बुटात काय होतं हे आपल्याला माहीतच आहे. फेस आधी लेसांमधून आला, मग घोट्यांवर चढला. काका पुढे चालले की मागे वाटेवर पांढरे बुडबुडे राहात. मागून येणाऱ्या एका कुटुंबातल्या बाबांनी मुलांना थांबवून ते दाखवले आणि, "हात लावू नका, कुठल्यातरी प्राण्याचे असतील," असं सांगितलं. औषधवाल्यांच्या बाजूनं एवढं मात्र म्हणायला हवं, की पायाला जळू लागली नाही. ती मानेला लागली.

वाटेत झुलता पूल होता. एका झाडाच्या माथ्यावरून दुसऱ्या झाडाच्या माथ्यापर्यंत दोरखंडांवर टांगलेला. पुलाच्या तोंडाशी, गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी उभा होता.

"ते बदकांचं काय आहे?"

"धबधबा," काका म्हणाले.

"धबधबा पुढे आहे."

"तो तुमचा. हा आमचा."

पहारेकऱ्यानं थोडा वेळ विचार केला. त्याच्या नियमांत पुलावर सायकल, कुत्रा आणि पेटती सिगरेट न्यायला बंदी होती. धबधब्याचा उल्लेख नव्हता. त्यानं सोडलं, पण तो काकांकडे लक्ष ठेवून राहिला.

पुलावर बांबू आडवा नेता येईना, तो दोन्हीकडच्या जाळीत अडके. तिरका धरला की मागच्या माणसाच्या पोटाला टोचे. शेवटी काकांनी तो छातीशी झेंड्यासारखा उभा धरला आणि ते खेकड्याच्या चालीनं निघाले. पूल त्यांच्या प्रत्येक पावलाला हले. मधोमध सासूबाई थांबल्या होत्या. समोरच्या फांदीवर भली मोठी पिवळी चोच असलेला एक पक्षी बसला होता, शेजारी अगदी तसाच दुसरा.

"जावईबापू, काढा ना यांचा फोटो! किती छान जोडी आहे."

"आई," काका दोरखंडाला चिकटून डोळे मिटून म्हणाले, "पक्षी श्वास रोखत नाहीत."

पक्ष्यांनी काकांकडे पाहिलं आणि ते उडून गेले. सासूबाई सुस्कारा सोडून पुढे गेल्या. त्या काकांपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या असल्या, तरी त्यांच्या अंगावर एका छत्रीपलीकडे ओझं नव्हतं, आणि हे त्या वारंवार बोलून दाखवत होत्या.

शेवटी एकदाची ती जागा आली. ओढ्याच्या काठाला दगडी ओटा, ओट्याला कठडा, आणि समोर... समोर काहीच नव्हतं. दाट पांढरं धुकं. धबधब्याचा आवाज एवढा मोठा होता, की बोलायला ओरडावं लागत होतं. तुषार तोंडावर येत होते. पण धबधबा दिसत नव्हता. ओट्यावर जमलेली माणसं मोबाईल हातात घेऊन त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी होती.

टेलरांचा मेव्हणा खोटं बोलत नव्हता. काकांना एरवी वाईट वाटलं असतं, पण आता त्यांच्या अंगात बळ आलं. त्यांनी बदकांची खोळ काढली, बांबू सोडवून बाजूला ठेवला, दोन झाडांना दोऱ्या बांधल्या आणि पडदा सोडला. धुक्यापुढे हंस, हरीण, सूर्य आणि चंद्र प्रकट झाले. मागून खऱ्या पाण्याचा गडगडाट येत होता, समोर रंगवलेलं पाणी कोसळत होतं. दुकानात आजवर कधी दिसला नव्हता इतका तो धबधबा इथे शोभत होता.

"या आई, बसा!" काका स्टूल पुसून म्हणाले.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. "एवढी तंगडतोड करवून, खऱ्या धबधब्यापुढे आणून, मला पुन्हा याच डागासमोर बसवताय?" आणि त्या जाऊन काठावरच्या एका दगडावर बसल्या, धुक्याकडे तोंड करून. "मी थांबते. धुकं काय जन्मभर राहणार आहे?"

काका रिकाम्या स्टुलाशेजारी उभे राहिले. तेवढ्यात एक नवं जोडपं संकोचत पुढे आलं. "काका, आम्ही फार लांबून आलोय. इथे धबधब्याबरोबर एक फोटो काढून द्याल का? आमच्याच मोबाईलवर."

काकांना नाही म्हणता आलं नाही. हनुवटी, खांदे, श्वास, एक, दोन, तीन! जोडपं खूश. मग बुडबुड्यांना हात न लावणारं कुटुंब आलं. मग एक मैत्रिणींचा घोळका. बघता बघता रांग लागली. खऱ्या धबधब्यापासून वीस हातांवर माणसं खोट्या धबधब्यासमोर उभं राहायला नंबर लावून थांबली होती, आणि काका फेसाळत्या बुटांनी पुढे-मागे करत सगळ्यांच्या हनुवट्या सरळ करत होते. सकाळी फाटकाबाहेर राहिलेला अर्धा माणूस आता आत आला होता.

आणि त्याच्या मागोमाग शिट्टी वाजली. पुलावरचा पहारेकरी.

"हौशी ना तुम्ही?" तो फाटकावरच्या नोंदीचा कागद पुढे धरून म्हणाला. "मी फाटकावर विचारून आलो. हौशी माणसापुढे कधी रांग लागते का, काका?"

काकांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गणवेशातल्या माणसानं व्यावसायिक ठरवलं होतं, आणि तेही गुन्हा म्हणून. हसावं की हात जोडावेत, हे त्यांना कळेना. "मी कुणाकडून काही घेतलेलं नाही," ते म्हणाले.

"रांग आहे म्हणजे धंदा आहे. पडदा उतरवा."

"ओ साहेब, आमचा नंबर आलाय!" रांगेतून आवाज आला.

"अहो, चला ना उतरवू," काकू मधे पडल्या. त्यांनी एक दोरी सोडली, आणि नेमका त्याच क्षणी वरच्या दरीतून वारा उतरला. पडदा शिडासारखा फुगला. दुसरी गाठ टेलरांनी शिकवलेल्या पद्धतीची होती, ती ओढलं की सुटे. पडदा उठला, पहारेकऱ्याच्या टोपीवरून गेला आणि ओढ्याकडे निघाला.

"धरा!" काका ओरडले, आणि दुसरं कुणी धरायच्या आत स्वतःच धावले. काठावरचा दगड ओला होता. बुटात साबणाची अख्खी वडी होती. काकांचे दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि काका ओढ्यात बसले. पाणी गुडघ्यापेक्षा वर नव्हतं, पण बसलेल्या माणसाला ते छातीपर्यंत येतं. सवयीनं त्यांचे हात वर गेले, कॅमेरा कोरडा राहिला. बाकीचं सगळं पाण्यात होतं. चारी बाजूंनी फेस वर आला, मानेवरची जळू गळून पडली, आणि दोन हंस, एवढी वर्षं कापडावर काढून झाल्यावर, पहिल्यांदा खऱ्या पाण्यावरून तरंगत त्यांच्या नाकासमोरून निघून गेले.

"जावईबापू!"

सासूबाई दगडावरून ताडकन उठून काकांकडे वळल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. काकांना बोलायचं होतं, की मी ठीक आहे. पण तोंडात साबण होता, त्यातून शब्दाऐवजी एक मोठा बुडबुडा निघाला. तो वर गेला, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जरा थांबला आणि फुटला.

सासूबाई हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात खाली टाकून, मग कमरेत वाकून, आणि मग मान वर करून, खदखदून. आणि ज्या वाऱ्यानं पडदा नेला होता त्यानंच धुकंही नेलं. त्यांच्या पाठीमागे तो उभाच्या उभा दिसू लागला, चार मजली उंच, पांढरा, गर्जत कोसळणारा धबधबा. ओट्यावरची माणसं "आहा!" म्हणून ओरडली. काकांनी ते काहीच ऐकलं नाही. त्यांना फक्त त्या हसणाऱ्या म्हातारीचा चेहरा दिसत होता आणि उद्या ती आपल्या घरातून जाणार आहे, हे आठवत होतं. त्यांचं बोट दाबलं गेलं. हुकूम नाही, मोजणी नाही. तोंडात साबण असताना तीन म्हणता येत नाही.

मग पहारेकऱ्यानं पडद्याचाच बांबू पुढे करून त्यांना ओढून काढलं, त्या ओढाताणीत कॅमेऱ्यानं मात्र गटांगळी खाल्ली आणि तो कायमचा मिटला. काकूंनी त्यातलं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. पडदा खालच्या वळणावर एका दगडाला अडकून मधोमध फाटला होता. पहारेकऱ्याचा राग तोवर पार गेला होता. त्यानं काकांना फाटकापर्यंत पोचवलं आणि खिडकीतल्या बाईंना सांगितलं, "हौशीच आहेत. मी स्वतः पाहिलं."

संध्याकाळी काकांनी फोटो छापून काढला. फोटो तिरका आला होता. वरच्या कोपऱ्यात एक फांदी घुसली होती, खालच्या कोपऱ्यात काकांचा स्वतःचाच गुडघा होता, फेसासकट. हनुवटी वर, खांदे वाकडे. काकांच्या पद्धतीनुसार असा फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. त्यांनी तो फाडायला घेतला.

काकूंनी हात धरला. "अहो, डोळे बघा आईचे!"

डोळे उघडे होते. पाण्यानं भरलेले, चमकणारे, सताड उघडे डोळे.

"तुम्ही 'तीन' म्हणाला नाहीत ना," काकू म्हणाल्या. "आईला इंजेक्शनची भयंकर भीती. कुणी असं डॉक्टरसारखं मोजायला लागलं, की ती दोनला डोळे गच्च मिटून घेते. लहानपणापासून बघतेय मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही श्वास रोखायला सांगता. बोलणार कशी?"

सासूबाईंनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला, दिव्याखाली नेला. काका स्टुलावर बसून वाट बघत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "हं." आणि फोटो साड्यांच्या घडीत ठेवून त्यांनी बॅग बंद केली.

सोमवारी त्या गेल्या. मधला दरवाजा उघडाच राहिला, पण आतून कुणी काही सांगेना. काकांनी जुना कॅमेरा बाहेर काढला, आणि एका बाईचा केस कपाळावर तसाच राहून फोटो निघाला. काकांनी तो आठवडा त्या 'हं'चा अर्थ लावण्यात घालवला. टेलरांच्या मते नाक न मुरडता म्हटलेला 'हं' चांगला असतो. औषधवाल्यांच्या मते सासूचा 'हं' म्हणजे नापास. औषधवाल्यांवर काकांचा आता विश्वास उरला नव्हता, तरी धाकधूक होतीच.

पुढच्या रविवारी काकूंना थोरल्या बहिणीचा फोन आला. काकू ऐकत होत्या आणि हसत होत्या. काका गिऱ्हाइकाची हनुवटी तशीच सोडून धावले.

"काय झालं? काढला का साडूंनी फोटो?"

"काढायला गेले होते," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "बाल्कनीत उभं केलं, मोबाईल रोखला. तर आई म्हणाली, तुम्ही राहू द्या. भिंतीवर माझा एक फोटो लावलाय, तो पुरे. असला फोटो काढायचा तर माणसाला आधी पाण्यात आपटता आलं पाहिजे. ते आमच्या धाकट्या जावयालाच जमतं."

काकांनी काकूंकडून ते सगळं पुन्हा एकदा सांगून घेतलं, आणि ते तडक शेजारी टेलरांकडे गेले.

फोटोत नको तो भाग कसा कापायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "थोरल्यांना सासूबाईंनी तोंडावर सांगितलं," काका छाती काढून म्हणाले, "की तुम्ही राहू द्या. ते आमच्या धाकट्या जावयालाच जमतं."